ताब्याचा अर्ज करण्याआधी

मूल सोलापुरात राहत असेल, तर आई किंवा वडील पुण्यात नोकरीला असले तरी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा ताब्याचा अर्ज सोलापुरातच. १९५६ चा हिंदू पालकत्व कायदा पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे ठेवतो. मात्र सर्वांत वर मुलाचं हित. ते दाखवायला पगाराची स्लिप वकील मागतातच. लसीकरणाचं कार्ड, फीच्या पावत्या, प्रगतिपुस्तकावरची सही मात्र घरातूनच शोधावी लागते, आणि रोज मुलाचं कोण बघतं हे त्यातूनच कळतं. समजत्या मुलाची इच्छा न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. म्हणून त्याला पढवू नका, पढवलेलं उघडं पडतं. परिस्थिती बदलली तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.