जगाचा इतिहास आपल्या कपाशीच्या वावरातूनही जातो : राज्यसेवेच्या वर्णनात्मक परीक्षेची तयारी

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. चार पर्यायांतून एक गोल काळा करण्याचे दिवस संपले. आता लिहायचे आहे. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जगाचा इतिहासही आहे. औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, बदललेल्या सीमा, वसाहतवाद आणि त्याचा शेवट, भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद असा हा साधारण अठराव्या शतकापासूनचा पट आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तो २०१३ पासून आहेच.

तळेगाव (श्यामजी पंत), आष्टी, कारंजा, आर्वी या पट्ट्यातल्या आपल्या मुलामुलींकडून आम्हाला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : "हा विषय पुण्या-दिल्लीच्या क्लासवाल्यांचा, आपल्याला कुठे जमणार?" ही भीती मनातून काढली नाही तर पेपरआधीच गुण जातात. म्हणून या विषयाची तयारी गावात राहून कशी करता येईल, ते आम्ही इथे मांडत आहोत.

आधी आपल्या मातीतून सुरुवात करा

जगाचा इतिहास म्हणजे परक्या राजांची नावे नव्हेत. आपल्या कपाशीचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसावर चालत. तो कापूस पिकवत होते गुलाम केलेले काळे लोक. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या ओस पडू लागल्या. इंग्रज व्यापाऱ्यांची नजर भारताकडे, त्यातही वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्याकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तेव्हा नावाजलेला होता. कापसाचे भाव भडकले. याच काळात, १८६२ मध्ये, वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. पण १८६५ मध्ये युद्ध संपले, अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात आला आणि भाव कोसळले. तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या दारात उभा राहिला.

या एका साखळीत औद्योगिक क्रांती, गुलामगिरी, वसाहतवाद आणि जागतिक बाजार हे चारही घटक येतात. ती नीट समजली की यांपैकी कुठल्याही घटकावरच्या प्रश्नात वापरता येते. कापसाच्या भावासाठी आजही आपण जगाच्या बाजाराकडे पाहतो, त्यामुळे हे उदाहरण पाठ करायची गरज पडत नाही.

दुसरे उदाहरण तालुक्याच्याच गावचे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीत पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, आंदोलक हुतात्मे झाले, पोलीसही मारले गेले. हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. आता तो जगाच्या नकाशावर ठेवून पाहा. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतले, मार्चमध्ये रंगून पडले, त्याच महिन्यात क्रिप्स भारतात आले आणि त्यांची बोलणी फसली. ब्रिटिश सत्ता अजिंक्य नाही हे लोकांना दिसू लागले होते. दुसऱ्या महायुद्धाचा वसाहतींवर काय परिणाम झाला, या प्रश्नाच्या उत्तरात आष्टीचे एक वाक्य शोभून दिसेल.

आपली परंपरा जगाशी जोडलेली आहे

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले. ते त्यांनी गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवल्या जाणाऱ्या निवेदनात त्यांना रस होता. १९७२ च्या दलित पँथरचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. ज्यांच्या चळवळीची मुळे अशी जगभर पसरली आहेत, त्यांनी जगाच्या इतिहासाला घाबरण्याचे कारण नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. परीक्षक घोषणांना गुण देत नाही. तो तथ्य, कार्यकारण आणि मांडणी पाहतो. बाबासाहेबांचे नाव उत्तरात आणायचे तर ते मुद्द्याला धरून आणा.

एक उत्तर लिहून पाहू

सरावासाठी आम्ही हा प्रश्न घेतो : "फ्रेंच राज्यक्रांतीने समतेचे वचन दिले, पण ते सर्वांना दिले नाही. चर्चा करा." शब्दमर्यादा २५०.

सुरुवात दोन वाक्यांत करा : १७८९ चा जाहीरनामा, जन्माधिष्ठित विशेषाधिकारांवर घाव.

मग वचन कुठे पाळले ते सांगा : सरंजामी हक्क रद्द, कायद्यापुढे समानता.

त्यानंतर कुठे मोडले ते. स्त्रियांना राजकीय हक्क मिळाले नाहीत. ऑलिम्प द गूज यांनी १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, १७९३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण नेपोलियनने १८०२ मध्ये ती पुन्हा आणली. हैती लढला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने त्याच गरीब देशावर भरपाई लादली.

शेवटी निष्कर्ष : क्रांतीची तत्त्वे तिच्या कर्त्यांपेक्षा मोठी ठरली, कारण वगळलेल्यांनीच ती आपलीशी केली. जागा उरली तर एक वाक्य : स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ मध्ये सांगितले होते.

पुस्तके आणि वेळापत्रक

महागड्या नोट्सची गरज नाही. बालभारतीचे बारावीचे इतिहासाचे पुस्तक मराठीत आहे. त्यात युरोपातील प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध येते. एनसीईआरटीची नववी-दहावीची पुस्तके हिंदीत मिळतात. त्यांत फ्रेंच आणि रशियन क्रांती, नाझीवाद, युरोपातील राष्ट्रवाद हे विषय आहेत. दोन्ही मोबाईलवर मोफत उतरवता येतात.

आठ आठवडे पुरतात. पहिले दोन क्रांत्यांना, तिसरा औद्योगिक क्रांती आणि विचारसरणींना, चौथा वसाहतवादाला, पाचवा-सहावा महायुद्धांना, सातवा निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्धाला, आठवा फक्त लेखनाला. प्रत्येक घटनेसाठी वहीत चार रकाने आखा : कारण, घटना, परिणाम, भारताशी नाते. भिंतीवर जगाचा नकाशा लावा आणि वाचलेले ठिकाण त्यावर शोधा.

लिहिलेले कोणी तपासायचे, हा गावातला खरा प्रश्न आहे. त्यासाठी विहार आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ पाच जणांनी बसावे, घड्याळ लावून एक उत्तर लिहावे आणि वह्या बदलून एकमेकांचे तपासावे. गावातले निवृत्त शिक्षक विनंती केली तर येतात. जयंतीच्या वर्गणीतून नकाशा आणि दोन पुस्तके घेतली तर कोणी नाही म्हणणार नाही. मुलींना घरी परतायला उशीर होणार नाही अशी वेळ ठरवा, नाहीतर निम्मी अभ्यासिका आपणच रिकामी करू.

पुढच्या रविवारी सुरुवात करायची असेल तर पहिला प्रश्न वर दिलेलाच घ्या.