माल्प्लाकेची लढाई आणि सदतिसावे कलम

युद्धशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. आमचे आयुष्य कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात आणि मालकांच्या टेबलासमोर बसून मागण्यांची कलमे एकेक करून सोडवण्यात गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते ग्रंथालयात आणि चळवळीत. तेव्हा युरोपातील एका जुन्या लढाईवर बोलण्यासाठी आम्ही उभे राहावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु ११ सप्टेंबर १७०९ रोजी माल्प्लाके नावाच्या खेड्याजवळ जी लढाई झाली, तिचे मूळ शोधू गेल्यास आपण वाटाघाटीच्या टेबलापाशीच येऊन पोहोचतो. तहाच्या चाळीस कलमांपैकी मुख्यतः एका कलमावर बोलणी फिसकटली, आणि सुमारे साडेतीन महिन्यांनी तीस हजारांहून अधिक माणसे एका दिवसात मेली किंवा जायबंदी झाली. ते कलम कोणते, ते का घातले गेले आणि त्यातून काय निपजले, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम भांडण कशाचे ते पाहू. १७०० सालच्या नोव्हेंबरात स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स निपुत्रिक वारला. स्पेनखेरीज इटलीतील मोठे प्रांत, आजच्या बेल्जियमचा बहुतेक भाग आणि अमेरिकेतील अफाट मुलूख, एवढी त्याची दौलत होती. मृत्युपत्रात त्याने ती सारी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या नातवाला, फिलिपला, देऊन टाकली. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला हीच गादी आपल्या धाकट्या मुलासाठी हवी होती. इंग्लंड व हॉलंड येथील व्यापाऱ्यांना अमेरिकेचा व्यापार फ्रेंचांच्या मुठीत जाण्याची धास्ती पडली. या तिघांनी एकजूट केली आणि १७०१ पासून युद्धाला तोंड लागले. यालाच इतिहासात स्पॅनिश वारसाहक्काचे युद्ध म्हणतात.

पहिली काही वर्षे दोस्तांची सरशी होत गेली. इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो आणि सम्राटाचा सेनापती प्रिन्स यूजीन ही जोडी त्या काळी अजिंक्य समजली जात असे. १७०४ साली ब्लेनहाइम येथे दोघांनी मिळून फ्रेंचांचा धुव्वा उडवला. १७०६ साली रामिये येथे मार्लबरोने, आणि १७०८ साली औदेनार्दे येथे पुन्हा दोघांनी फ्रेंचांना मागे रेटले. त्याच वर्षाच्या अखेरीस लील हा फ्रान्सच्या उत्तर सीमेवरचा मजबूत किल्लाही पडला.

आणि मग निसर्गच लुईवर उलटला. १७०९ च्या जानेवारीत युरोपात अशी थंडी पडली की नद्या गोठल्या, द्राक्षवेली आणि ऑलिव्हची झाडे जळाली. महिनाअखेर बर्फ वितळले आणि पुन्हा कडाका पडला. त्यात जमिनीतील गव्हाचा पेरा मेला. धान्याचे भाव अनेक पटींनी चढले. त्या दोन वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे सहा लाख माणसे फ्रान्समध्ये अधिक दगावली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. राजाने आपली सोन्याचांदीची भांडी टांकसाळीत धाडली. सैन्याला पगार नव्हता, आणि पगाराचे राहो, पुरेशी भाकरीही नव्हती. अशा स्थितीत लुईने आपला परराष्ट्रमंत्री तोर्सी याला मे महिन्यात हेग येथे शत्रूच्या दारी पाठवले. पन्नास वर्षे युरोपला दम देणारा राजा आता अर्जदार झाला होता.

तोर्सीने जे जे मान्य केले त्याची यादी थक्क करणारी आहे. स्पेनची सगळी गादी ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला द्यावी, हे मान्य. लील, तूर्ने आणि इतर किल्ले डचांच्या संरक्षणासाठी सोडावे, हे मान्य. स्ट्रासबुर्ग परत करावे, तेही मान्य. ज्यासाठी आठ वर्षे रक्त सांडले ते जवळजवळ सर्व दोस्तांच्या पदरात पडले होते. मग अडले कुठे?

अडले ते सदतिसाव्या कलमावर. तह पक्का होईपर्यंत दोन महिन्यांची शस्त्रसंधी ठरली होती. या दोन महिन्यांत सबंध स्पेन दोस्तांच्या हवाली झाले, तरच ती पुढे चालू राहावी, असे या कलमात होते. नाही तर युद्ध पुन्हा सुरू. त्याला जोडून चौथ्या कलमात असे होते की, फिलिप आपण होऊन गादी सोडत नसेल तर लुईने दोस्तांच्या बरोबरीने योग्य ते उपाय योजावेत. म्हणजे साध्या भाषेत, आज्याने नातवावर फौज घेऊन जावे. तेवढ्यात लुईने आपले किल्ले तर देऊन बसायचे, आणि नातू हटला नाही तर उघड्या सीमेनिशी पुन्हा लढाईला उभे राहायचे.

दोस्तांची बाजूही समजून घेतली पाहिजे. फिलिप स्पेनमध्ये पक्का बसला होता. १७०७ साली आल्मान्सा येथे त्याच्या बाजूने दोस्तांचा पराभव केला होता आणि कास्तीलची जनता त्याच्या पाठीशी होती. लुई तह करून विश्रांती घेईल, आणि स्पेन जिंकण्याचे काम आपल्या गळ्यात राहील, ही भीती खोटी नव्हती. एकदा फसवणूक झालेला माणूस दुसऱ्या वेळी हमी मागतो, यात गैर काही नाही. पण जी हमी देणे समोरच्याच्या हातातच नाही, ती मागून काय साधणार? फिलिप आता आज्याच्या शब्दाबाहेर होता. नातवावर शस्त्र धरण्यापेक्षा आपण लुईच्या जागी असतो तर राज्य गमावण्याचा धोका पत्करला असता, असे खुद्द मार्लबरोने त्या जुलैत एका खासगी पत्रात लिहिले. ही शहाणीव पत्रात राहिली. तहनाम्यात कलम तसेच राहिले.

लुईने नकार दिला, आणि त्यानंतर जे केले ते त्याच्या उभ्या कारकिर्दीत त्याने केले नव्हते. १२ जून १७०९ च्या पत्राने त्याने प्रांतांच्या सुभेदारांमार्फत थेट प्रजेला तहाच्या अटी कळवल्या. शांततेसाठी आपण काय काय द्यायला तयार होतो आणि शत्रूने अखेर काय मागितले, हे सांगितले. ज्या राजाने प्रजेला कधी कशाचा जाब दिला नव्हता, तो आता तिच्यासमोर आपली कैफियत मांडत होता. पत्र छापले गेले आणि राज्यभर पसरले. गावोगावचे तरुण फौजेत भरती झाले. काहींना अपमान झोंबला; पुष्कळांचे पोट त्यांना तेथे घेऊन गेले, कारण दुष्काळात भाकरीची थोडीफार आशा असलेली जागा म्हणजे छावणीच होती. मार्शल व्हिलार या बोलभांड पण जिद्दी सेनापतीने या अर्धपोटी जमावाचे सैन्य केले.

इकडे दोस्तांनी तूर्ने घेतले. त्यासाठी त्यांना सप्टेंबर उजाडला. मग ते मॉन्सकडे वळले, तेव्हा व्हिलार आडवा आला. आज माल्प्लाके फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सीमेला लागून आहे. दोन रानांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात व्हिलारने मोर्चे बांधले. त्याच्या डाव्या हाताला सारचे रान, उजव्या हाताला लानियेरचे. दोस्त तोफा व कुमक येण्याची वाट पाहत थांबले. तेवढ्या अवधीत फ्रेंच शिपायांनी कुदळ-फावडी हाती घेऊन चर खणले, झाडे तोडून त्यांचे अडसर रचले. व्हिलारजवळ सुमारे पाऊण लाख माणसे होती, दोस्तांजवळ त्याहून बरीच अधिक.

अकरा तारखेला सकाळी धुके विरताच तोफा सुरू झाल्या. दोन्ही बगलांवर जोर करायचा, शत्रूला मधली फौज तिकडे हलवायला लावायची आणि मग मध्य फोडायचा, हा मार्लबरोचा ठरलेला डाव होता. सारच्या रानात जर्मन पलटणी शिरल्या आणि झाडाझाडाआड हातघाई झाली. दुसऱ्या बाजूला बावीस वर्षांचा ऑरेंजचा राजपुत्र डच पायदळ घेऊन पुढे गेला. तेथे फ्रेंचांनी तोफांचा एक मोर्चा दडवून ठेवला होता. त्याच्या आडव्या माऱ्यात पहिल्या अर्ध्या तासातच हजारो माणसे पडली. राजपुत्राने दुसरा हल्ला चढवला, तोही परतला. त्या दिवशी डचांची आठ हजारांवर माणसे कामास आली किंवा घायाळ झाली.

दुपारपर्यंत रान वाचवण्यासाठी व्हिलारने मध्यातून पलटणी काढल्या, आणि तेथेच त्याचा गुडघा गोळीने फुटला. खुर्चीवर बसून हुकूम देण्याचा त्याने हट्ट धरला, पण शुद्ध हरपल्यामुळे त्याला उचलून न्यावे लागले. मोकळ्या पडलेल्या मध्यावर ऑर्कनीच्या इंग्रज पलटणींनी मोर्चे काबीज केले आणि दोस्तांचे घोडदळ आत घुसले. वयाने व दर्जाने वडील असूनही व्हिलारच्या हाताखाली स्वखुशीने आलेल्या मार्शल बुफ्लेरने राजाच्या खास घोडदळासह पुन्हा पुन्हा हल्ले केले. शेवटी तीनच्या सुमारास त्याने माघारीचा हुकूम दिला. फौज रांगा न मोडता निघून गेली. पाठलाग करण्याचे त्राण विजेत्यांत उरले नव्हते.

मैदान दोस्तांकडे राहिले. पण त्यांची वीस हजारांहून अधिक माणसे त्यावर पडली होती. फ्रेंचांची पडली ती सुमारे अकरा-बारा हजार. देवाच्या कृपेने अशीच आणखी एक लढाई आपण हरलो तर शत्रूचा निकालच लागेल, अशा अर्थाचे व्हिलारने राजाला कळवले. त्यात बढाई होती, तसे सत्यही होते.

आमच्यासारख्या माणसाचे मन मात्र सारच्या रानातील एका चकमकीपाशी रेंगाळते. तेथे मार्लबरोच्या सैन्यातील आयरिश पलटणीची गाठ फ्रेंचांच्या चाकरीतील आयरिश पलटणीशी पडली. एका देशाची माणसे, एकीला लंडनचा पगार, दुसरीला पॅरिसचा. त्यांनी एकमेकांवर बार काढले. स्विस शिपाईही त्या दिवशी दोन्ही बाजूंना होते. स्पेनच्या गादीवर कोण बसतो याने त्यांच्यापैकी कोणाच्या घरची चूल अधिक पेटणार होती?

पुढचा हिशोब वेगाने सांगतो. ऑक्टोबरात मॉन्स पडले, पण फ्रान्स कोसळला नाही. १७१० साली गेर्ट्रुइडेनबेर्ग येथे पुन्हा बोलणी झाली. नातवाविरुद्धच्या लढाईसाठी दोस्तांना दरमहा पैसे देण्यापर्यंत लुई उतरला. दोस्त म्हणाले, तुम्हीच त्याला हाकलून द्या. बोलणी पुन्हा मोडली. इंग्लंडमध्ये जमिनीवरचा कर पौंडाला चार शिलिंग झाला होता आणि लोक युद्धाला विटले होते. १७१० च्या निवडणुकीत शांतता मागणारा टोरी पक्ष निवडून आला. 'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्ट याने दोस्तांच्या वागणुकीवर जळजळीत पुस्तिका लिहिली. सैन्याला भाकरी पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून मार्लबरोने काही वर्षांत साठ हजार पौंडांवर रक्कम घेतल्याचे चौकशीत निघाले. हेरखात्यासाठी ती जुन्या वहिवाटीप्रमाणे घेतली, असा त्याचा खुलासा होता. पण १७११ च्या डिसेंबरात त्याला बडतर्फ करण्यात आले. त्याच वर्षी सम्राट वारला, त्याचा भाऊ, म्हणजे दोस्तांचा स्पेनसाठीचा उमेदवार, सम्राट झाला, आणि त्याला स्पेनही देण्यात इंग्रजांना स्वारस्य उरले नाही. १७१२ साली दनें येथे व्हिलारने डावच उलटवला.

अखेर १७१३ साली उट्रेक्टचा तह झाला. फिलिप स्पेनच्या गादीवर राहिला, अमेरिकेसकट. लील फ्रान्सला परत मिळाले. स्ट्रासबुर्ग फ्रान्सकडेच राहिले. १७०९ च्या मे महिन्यात जे दोस्तांच्या हातात होते, त्यातले कितीतरी चार वर्षे अधिक लढून त्यांनी गमावले. ब्रिटनला जिब्राल्टर व मिनॉर्का मिळाले, आणि आफ्रिकेतील गुलाम स्पेनच्या अमेरिकेत नेऊन विकण्याचा तीस वर्षांचा मक्ताही मिळाला, वर्षाला ४,८०० माणसे. माल्प्लाकेच्या रानात पडलेल्यांच्या नावे जमा झाली ती ही अशी कमाई.

यावरून मागण्या लहान कराव्यात असा अर्थ कोणी काढू नये. कमी मागणाऱ्याला कमीच मिळते, हे फाटकावरचा पोरही जाणतो. परंतु मागणीला दोन कसोट्या असतात. ती रास्त आहे काय, ही पहिली. आणि समोरच्याला उभा राहू देऊन ती त्याच्याकडून पुरी होण्याजोगी आहे काय, ही दुसरी. पहिलीत उतरलेली मागणी दुसरीत नापास होऊ शकते. हाती आलेले कागदावर उतरवून घ्यायचे सोडून पळत्याच्या पाठीस लागले, की दुबळा झालेला प्रतिपक्षही आपली माणसे गोळा करतो. आणि तुटेपर्यंत ताणण्याची किंमत टेबलावर बसलेले देत नाहीत. हेगच्या दिवाणखान्यात ज्यांनी सदतिसावे कलम लिहिले, त्यांच्यापैकी किती जण त्या लपलेल्या तोफांपुढे पायी चालत गेले? म्हणून कोणत्याही वाटाघाटीला बसणाऱ्याने, मग तो राजाचा वकील असो की कामगारांचा, प्रत्येक कलमावर सही करण्यापूर्वी किंवा ते मोडण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे, की हे फिसकटले तर उद्या सकाळी चालत कोण जाणार आहे.