शुद्धीवर आल्यानंतर

गटारी उरकली की श्रावण. एरवी रोज पिणारे कित्येक जण हा एक महिना थेंबालाही शिवत नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमानही फार. पण त्यांच्या घरात डोकावून पाहावं. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं जातं, टीव्हीच्या आवाजावरून पोरांवर डाफरणं होतं, रात्री दोन-दोनपर्यंत येरझाऱ्या चालतात. ‘यापेक्षा पितात तेव्हा बरे, निदान झोपतात तरी,’ असं एखादी बाई शेजारणीजवळ बोलून जाते आणि मग स्वतःच ओशाळते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगांमध्ये अशा माणसाला ‘ड्राय ड्रंक’ म्हणतात. कोरडा दारुडा. बाटली गेली, बाकी सगळं जागच्या जागी.

‘शुद्धीवर आला’ असं आपण म्हणतो. शुद्ध म्हणजे भान आणि शुद्ध म्हणजे निर्मळही. पहिली शुद्ध यायला शरीराला काही दिवस लागतात. (वर्षानुवर्षं पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच आणावी. दारू एकाएकी तोडली तर फिट येते, भास होतात, प्रसंगी जीवही जातो.) दुसरी शुद्ध किती वर्षांनी येते, याची सगळ्यात प्रांजळ कबुली ए.ए.च्या सहसंस्थापकाने, बिल विल्सननेच देऊन ठेवली आहे.

बिल विल्सन 1895 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ईस्ट डॉर्सेट नावाच्या गावी जन्मला. आईवडील विभक्त झाले आणि तो आजोळी वाढला. आजोबा एकदा सहज म्हणाले, बूमरँग करावं ते ऑस्ट्रेलियातल्या माणसानेच, दुसऱ्या कुणाला जमत नाही. पोरगं इरेला पेटलं. कित्येक महिने लाकडं तासत बसलं. शेवटी स्वतःच्या पलंगाच्या उशाची फळी कापून त्याने बूमरँग केलं, फेकलं आणि ते परत आलं. ही गोष्ट जिद्दीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला मात्र ती वाचताना जरा धडकीच भरते. पहिला आलो तरच आपल्याला किंमत, हा हिशेब त्या वयातच पक्का झाला होता. 1912 मध्ये त्याची प्रेयसी शस्त्रक्रियेनंतर दगावली आणि तो पार खचला. दारू पुढे लष्करात असताना भेटली. वॉल स्ट्रीटवर त्याने पैसा केला, घालवला, आणि डिसेंबर 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन्स हॉस्पिटलात चौथ्यांदा दाखल झाला. तिथे खोली उजेडाने भरून गेल्याचा एक विलक्षण अनुभव त्याला आला. त्यानंतर तो कधीच प्यायला नाही.

सिनेमा असता तर इथेच संपला असता.

पाच महिन्यांनी धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फिसकटलं, खिशात जेमतेम दहा डॉलर. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला हास्यकल्लोळ, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या पत्त्यांची यादी. त्याने फोन उचलला. त्याला दुसरा दारुडा हवा होता. उपदेश करायला नव्हे, स्वतः टिकायला. असा माणूस सापडला: डॉ. बॉब स्मिथ, शल्यचिकित्सक. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, असं बजावून आलेले डॉक्टर सहा तास बसले, कारण समोरचा माणूस त्यांच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलत होता. 10 जून 1935 ला डॉ. बॉबनी शेवटची बिअर घेतली, तीही ऑपरेशनच्या वेळी हात थरथरू नयेत म्हणून. ऑपरेशन आटोपून ते गायब झाले. घरच्यांच्या पोटात गोळा आला. डॉक्टर गावभर फिरत होते. ज्यांना तोंड चुकवत आले होते त्या एकेकाच्या दारात उभं राहून चूक कबूल करत होते. ए.ए. हाच दिवस आपला स्थापनादिन मानते.

पुढे बिलने बारा पायऱ्या लिहिल्या. त्यांत दारूचं नाव पहिल्या पायरीत येतं, आणि बाराव्या पायरीत दारुडे येतात ते त्यांच्यापर्यंत निरोप पोचवायचा म्हणून. मधल्या दहा पायऱ्या माणसाबद्दल आहेत. चौथी पायरी तर चक्क खतावणी आहे. माझा राग कुणावर, कशासाठी, त्याने माझ्यातल्या कशाला धक्का लागला, असे रकाने पाडून लिहायचं. मग समोरच्याचं वागणं बाजूला ठेवून माझी चूक कुठे, ते नोंदवायचं. लक्ष्मीपूजनाला आपण वह्या पुजतो, पण असली वही उघडायला हात धजावत नाही. पाचव्या पायरीत तर ती दुसऱ्या माणसासमोर वाचायची. पिण्याचं मूळ दारूत कमी आणि वर्षानुवर्षं जपलेल्या रागात, भीतीत जास्त, असा यामागचा अनुभव.

देवाचं काय? सुरुवातीच्या सभासदांत नास्तिकही होते, ते अडून बसले. म्हणून पायरीत ‘आपल्याला जसा समजला तसा’ देव आला. कुणाला तो विठ्ठल, कुणाला मीटिंगला जमलेली दहा माणसं. आपल्याकडे माळ घातल्यावर सुटलेली दारू गावोगाव माहीत आहे, त्यामुळे हे आपल्याला परकं वाटू नये. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने मरणाच्या काही महिने आधी, जानेवारी 1961 मध्ये, बिलला लिहिलेल्या पत्रात याचं मर्म सांगितलं. दारूची तहान ही खालच्या पातळीवरची, पूर्णत्वाचीच तहान आहे, असं त्याचं म्हणणं. लॅटिनमध्ये आत्म्याला आणि मद्याला एकच शब्द आहे, स्पिरिटस, याकडेही त्याने बोट दाखवलं.

बिलच्या बायकोची गोष्ट सांगायलाच हवी. बिल पिणं सोडून बैठकांना जाऊ लागल्यावर एका रविवारी त्याने लोइसला ‘चल, उशीर होतोय’ म्हटलं. तिने पायातला बूट काढून भिरकावला आणि त्या बैठकांच्या नावाने ठणाणा केला. नवरा सुधारल्यावर! एवढी वर्षं तिने सांभाळलं, कमावलं, झाकलं, आणि त्याला सोडवलं कुणी परक्यांनी. आपल्यालाही काही आजार जडला आहे, हे तिला त्या बुटामुळे कळलं. 1951 मध्ये तिने दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन उभं केलं. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो, त्याची गरजही इथूनच येते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, हे केंद्र सुरू केलं. तिथे पूर्वीचे रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात. अ‍ॅक्रनच्या त्या सहा तासांचाच हा पुण्यातला अवतार.

आणि बिल? हजारो लोक त्याच्यामुळे सावरले, आणि 1944 पासून दहाएक वर्षं तो स्वतः नैराश्यात बुडालेला होता. काही दिवस नुसता टेबलावर डोकं ठेवून बसे. एवढ्या पायऱ्या लिहिणाऱ्याला पायऱ्या चढता येत नव्हत्या! 1958 च्या जानेवारीत ए.ए.च्या ‘ग्रेपव्हाइन’ मासिकात त्याने हे उघड मांडलं. पुढचा टप्पा भावनिक शुद्धीचा, असं त्या लेखाचं सूत्र. आपण मान, सुरक्षितता, प्रेम यांसाठी सतत माणसांवर आणि परिस्थितीवर अवलंबून राहिलो, मागितलं ते मिळालं नाही की कोसळलो, हे त्याला उशिरा दिसलं. मागणं सोडून देता आलं तेव्हाच उभं राहता आलं, असं तो सांगतो. बूमरँगवाला मुलगा साठी ओलांडल्यावर हे लिहीत होता.

दारू सुटली, सिगारेट सुटली नाही. फुप्फुसं गेली. सुझन चीव्हरने 2004 च्या चरित्रात त्याच्या शेवटच्या आठवड्यांतल्या नर्सच्या नोंदी दिल्या आहेत. 1970 च्या नाताळात, पिणं सोडून 36 वर्षं झाल्यावर, बिलने व्हिस्की मागितली. दिली नाही म्हणून तो चिडला. पुढच्या दिवसांत पुन्हा मागितली. ती कुणी दिली नाही. 24 जानेवारी 1971 ला तो गेला, दारूला न शिवता.