सोंग घ्यावे ते खोडीसकट

एकनाथांची भारुडे आपल्या मराठवाड्यात कोणाला नवीन नाहीत. रात्री मंडळी जमतात, टाळ-मृदंग सुरू होतो, आणि गावातलाच एखादा धडधाकट गडी काठी चाचपडत आंधळा होऊन येतो. कोणी बहिरा होतो, कोणी विंचू चावल्यागत तडफडतो. त्याला सगळे ओळखत असतात, तरी घटकाभर तो आपला शेजारी उरत नाही. नुसता फेटा बदलल्याने हे होत नाही बरं का! त्या सोंगाला काहीतरी उणे असते, आणि ते उणेपण तो मनापासून वागवतो.

अशा सोंगांचाच एक बैठा खेळ आहे. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो प्रसिद्ध केला. नाव अवघड, खेळ सोपा. चार-पाच जण मेजाभोवती बसतात. आपल्याकडे सतरंजीवर बसले तरी चालते. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो: अंधार पडला आहे, नदीला पूर आहे, पलीकडे दिवा दिसतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. साधेल की फसेल अशी शंका आली, की फासा टाकायचा. पाठांतर नाही, पडदा नाही.

या खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली. तीत पात्राच्या कागदावर स्वभावाच्या खुणा, ध्येय, जिव्हाळ्याचे बंध आणि खोड यांसाठी वेगळ्या जागाच ठेवल्या आहेत. खेळणाऱ्याने स्वतःचा तोटा सोसून ती खोड निभावली, तर सूत्रधार त्याला बक्षीस देऊ शकतो. पुढे कधी अडले, की त्याने वीस पैलूंचा फासा दोनदा टाकावा आणि त्यातले मोठे दान धरावे.

आता खोड म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. ‘रागीट’ एवढे लिहून भागत नाही. कधी रागवायचे, कोणावर? ‘वडिलांचे नाव काढले की भान सुटते’ असे लिहा, म्हणजे सूत्रधाराला धागा मिळतो. ‘आळशी’ ही तर अगदी निरुपयोगी खोड. ते पात्र झोपून राहते आणि खेळही झोपतो. काही हुशार मुले ‘फार प्रामाणिक’ असे लिहितात. ती खोड नव्हे, बढाई झाली! धर्मराजाकडे पहा. द्यूताचे आमंत्रण त्याला नाकारता येत नाही, आणि तेवढ्या एका गोष्टीवर सारे राज्य पणाला लागते. कर्णाचे तर त्याहून नवल. मागणाऱ्याला नाही म्हणायचे नाही हे त्याचे मोठेपण, आणि कवचकुंडले जातात तीही त्याच पायी. गुण आणि खोड एकाच मुळातून फुटली, की पात्र उभे राहते.

शिरूर अनंतपाळच्या परिसरातील एका शाळेत मी हा खेळ मांडून पाहिला. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. मी घरूनच चिठ्ठ्या लिहून नेल्या होत्या. एका मुलाला ‘घेतलेले पैसे बुडवणारा’ ही चिठ्ठी आली. पोरे खदखदून हसली. मला वाटले, खेळ रंगला. त्याचे वडील खरोखरच कर्जात आहेत हे मला मागाहून कळले. खेळ संपला, पण ते नाव त्याला चिकटले आणि तो चार दिवस शाळेत आला नाही.

तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ सालचे नाटक मी वर्गात शिकवतो. गंमत म्हणून खोटा खटला मांडला जातो, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि पाहता पाहता लटका आरोप त्यांच्या खऱ्या आयुष्यात शिरतो. बेणारेबाई शिक्षिका आहेत, हे आपण गुरुजींनी लक्षात ठेवावे. इतके सगळे शिकवूनही माझ्या हातून तेच व्हावे!

तेव्हापासून मी चिठ्ठ्या नेत नाही. मुलाने आपल्या पात्राची खोड आपणच निवडायची. नको वाटली तर मध्येच बदलायची, कारण विचारायचे नाही. खेळात पात्राच्या नावानेच हाक मारायची. आणि संपल्यावर कागद फाडायचे, म्हणजे ते नाव मधल्या सुट्टीपर्यंत पोचत नाही. सर्वांत वाईट खोड गुरुजींनी स्वतःकडे घ्यावी. पोरांना त्याची फार मजा वाटते.

पुढच्या खेपेस तो मुलगा मागे बसला होता. मी आग्रह केला नाही. थोड्या वेळाने त्याने कागद मागून घेतला आणि लिहिले: ‘तहसीलदार. चष्म्याशिवाय दिसत नाही, पण चष्मा लावायची लाज वाटते.’ सूत्रधार झालेल्या मुलीने त्याच्यापुढे लगेच एक अर्ज धरला. साहेबांनी तो उलटा धरून मोठ्या रुबाबात वाचला, आणि गावाला विहीर मंजूर करण्याऐवजी वरात मंजूर केली.