नद, नदी आणि रीआ

कोकणचा किनारा ‘रिया’ प्रकारचा आहे असे पाठ्यपुस्तकात वाचून, ही रिया कोण, अशी पृच्छा एका शाळकरी वाचकाने केली आहे. वर्गातल्या एका मुलीचे तेच नाव असल्यामुळे त्याचा गोंधळ अधिकच वाढला असावा.

हा शब्द स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील गॅलिसिया नामक मुलखातला. स्पॅनिश भाषेत नदीला ‘रीओ’ म्हणतात आणि तो शब्द पुल्लिंगी आहे. मुखातून सागर आत शिरला, पाणी खारे झाले, भरती-ओहोटीचा अंमल सुरू झाला, की तोच रीओ स्त्रीलिंगी होऊन ‘रीआ’ ठरतो. शोण आणि ब्रह्मपुत्र हे नद, बाकीच्या नद्या, हा आपल्याकडील भेद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना केवळ लिंगबदलाने भूगोल सांगणारी ही युक्ती परकी वाटणार नाही.

सृष्टी निर्माण करून थकलेल्या परमेश्वराने विसाव्यासाठी येथे हात टेकला आणि त्याच्या बोटांचे ठसे म्हणजे या रीआ, अशी तिथली लोककथा आहे. भूशास्त्राचा दाखला निराळा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती; पुढे बर्फ वितळले आणि नद्यांनी कोरून ठेवलेल्या खोऱ्यांत समुद्राने कायमचा मुक्काम ठोकला. आज आरोसाच्या रीआत, त्या बुडालेल्या खोऱ्याच्या माथ्यावर, लाकडी तराफे नांगरलेले असतात आणि त्यांखाली लोंबणाऱ्या, १२ मीटरपर्यंत लांबीच्या दोरांना काळ्या शिंपल्यांचे, म्हणजे गोव्याच्या शिनाण्यांच्या भाऊबंदांचे, घोस लगडलेले असतात.

किनाऱ्यावरच्या लोकांच्या तोंडचा हा शब्द शास्त्राच्या दप्तरी दाखल केला तो जर्मन भूगोलज्ञ फर्डिनंड फॉन रिश्टहोफेन यांनी, १८८६ साली, प्रवासी संशोधकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात. ‘रेशीममार्ग’ हे नावही त्यांनीच रूढ केले. इतकी नावे ठेवणाऱ्या माणसाला आपण काय नावे ठेवणार! तरी शास्त्राने उसना नेलेला शब्द परत येतो तो पुष्कळदा आक्रसून. पंडितांची रीआ बुडालेल्या खोऱ्यापुरतीच. शेजारच्या पोर्तुगालात मात्र, वाळूच्या दांड्याआड अडलेले आवेइरूचे खारे सरोवरही खुशाल ‘रिआ’ म्हणवून घेते. ‘प्लाया’ची गत तर याहून विपरीत: स्पॅनिश माणसाची ही पुळण, पण भूशास्त्रज्ञ हा शब्द लावतात तो वाळवंटातल्या कोरड्या तलावाच्या तळाला!

तेव्हा, बाळ, परीक्षेत ‘रिया’ अवश्य लिही. मात्र कोकणात बुडालेल्या भूमीच्या खुणांबरोबरच समुद्रातून वर आलेल्या भूमीच्याही खुणा आढळतात, हे ध्यानात असू दे. आणि दाभोळच्या खाडीत शिरलेली भरती वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत येते, तिथे उभा राहून पाण्याची ती उलटी चाल एकदा डोळ्यांनी पाहा. गॅलिसियाचा कोळी तिला ‘रीआ’ म्हणेल, आपला कोळी ‘खाडी’ म्हणतो; आणि तोही शब्द स्त्रीलिंगीच आहे.