देशानं सोनं गहाण ठेवलं तेव्हा

रोवणीच्या तोंडावर खत-मजुरीला पैसा लागतो आणि घरच्या बाईची एकदाणी गहाण पडते. धान विकलं की सुटते, कधी नाहीही सुटत. बचत गटाच्या कामानिमित्त देवरी, सालेकसा भागात फिरताना हे मी दरवर्षी बघते. पण मैत्रिणींनो, एकदा आपल्या देशानंही हेच केलं होतं. साल १९९१. गोंदिया जिल्हा तेव्हा झालाच नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यात होतो.

झालं असं, की ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतचा घास घेतला आणि तेल भडकलं. आखातातली आपली माणसं घरी पैसे पाठवायची, तेही आटलं. परदेशातल्या भारतीयांनी इथल्या ठेवी काढायला सुरुवात केली. सरकारचा खर्च तर कित्येक वर्षं मिळकतीपेक्षा जास्त, सगळा उधारीवर. शेवटी परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. मे महिन्यात २० टन सोनं परत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं, जुलैत सुमारे ४७ टन सोनं विमानानं लंडनला, बँक ऑफ इंग्लंडकडे गेलं. देशाची अब्रू गेली म्हणून केवढा गहजब झाला! बाईचं डोरलं दरसाल जातं, त्याला मात्र घरात ‘सोय’ म्हणतात.

देशाचं ते कर्ज त्याच वर्षी फिटलं. पण त्यापायी जे बदललं, ते आपल्या बांधीपर्यंत आलं. जुलैच्या सुरुवातीला दोन टप्प्यांत रुपयाची किंमत घटवली. २४ जुलैला डॉ. मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात खतांचे भाव वाढले. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशच्या खतांवरचं दरनियंत्रण उठलं, युरियाचं मात्र राहिलं. मग काय, डीएपी महाग म्हणून हात आखडता आणि युरिया स्वस्त म्हणून पसापसा! ही सवय अजून गेलेली नाही. धान हिरवंगार दिसतं, पण जमिनीचं खाणं एकांगी होतं आणि वर किडीला आमंत्रण.

बँकांचंही तसंच. नरसिंहम समितीनं १९९१ मध्ये बँकांनी नफ्याकडे बघावं असं सुचवलं. पुढच्या दशकात खेड्यातल्या शाखा वाढायच्या सोडून कमी झाल्या. १९९२ मध्येच नाबार्डनं ५०० बचत गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. गटाचं मोल मी कमी करणार नाही. अंगठ्याऐवजी सही करून बँकेत ताठ मानेनं उभ्या राहिलेल्या कितीतरी बाया मी पाहिल्यात. पण आधी बँकेनं गावात यायचं होतं, आता दहा बायांनी एकमेकींच्या कर्जाची जबाबदारी घ्यायची, हा फरक माझ्या मनातून जात नाही.

बँकेनं सोडलेल्या जागेत सावकार होताच, पाठोपाठ मायक्रोफायनान्सवाले आले. हप्त्याच्या दिवशी बाई पोराला तापात घरी ठेवून मीटिंगला जाते. एकीचा हप्ता फेडायला दुसरीकडून उचल, असंही चालतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२२ पासून नियम केलाय, घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हा नियम एजंट आपणहून सांगत नाही. कर्ज घेताना आपणच मिळकत आणि चालू हप्ते कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवावेत.

आणि दागिना गहाण ठेवणं टळतच नसेल, तर आधी बँकेत विचारा. सावकाराकडेच जावं लागलं तर त्याचा परवाना बघा, २०१४ च्या राज्याच्या कायद्यानं तो सक्तीचा आहे. वजन, रक्कम, व्याज लिहिलेली पावती घेतल्याशिवाय दागिना हातावेगळा करू नका. आणि ती पावती धान्याच्या कोठीत नको, तुमच्या स्वतःच्या पेटीत ठेवा.