हिंदी भयपटाची शाळा महाबळेश्वरात भरली होती!

सातारा-सांगलीच्या मित्रांनो, तुटपुंज्या पैशात भयपट करायचाय? मग आपल्याच मुलखातला हा धडा वाचाच.

१९७० साली सिनेमे बनवणाऱ्या रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला. पण भेसूर मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या दृश्यावर प्रेक्षक खूश होते. तुलसी आणि श्याम या भावांनी ते अचूक हेरलं. त्यातून आला ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) हा भयपट.

सगळं युनिट बसमधून महाबळेश्वरला आलं. सरकारी विश्रामगृहात मुक्काम आणि तिथंच शूटिंग! सेटचा खर्च वाचला. लेखन, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन ही कामं सात रामसे भावांनी वाटून घेतली. जेवण घरच्या बायका रांधत. सुमारे ४० दिवस, सुमारे ३.५ लाख रुपये आणि सिनेमा हिट!

यातून घ्यायचं काय?
✅ आधी जागा मिळवा, मग तिला शोभेल अशी कथा लिहा.
✅ पात्रं मोजकी ठेवा.
✅ भूत कमी दाखवा, आवाजावर जास्त मेहनत घ्या.
✅ प्रत्येकाने दोन कामं शिकावीत.

वाडे, घाट, धुकं आपल्याकडे आहेतच. या पावसाळ्यात टीम जमवा आणि कामाला लागा!